पायमोजे न काढता मिळणारी फेलोशिप: एक खुलं पत्र

प्रति,
डायबिटीस आणि एंडोक्रायनॉलॉजीच्या (म्हणजे ग्रंथी आणि हार्मोनच्या आजारांच्या) फेलोशिपा चालवणाऱ्या सर्व संस्था,
तसंच मध्य प्रदेशात डॉक्टरांच्या शिक्षणाचे निर्णय घेणारे सगळे, म्हणजे विभाग, विद्यापीठ, मेडिकल कॉलेजांचे डीन, कमिट्यांवरचे मोठे डॉक्टर, जो कोणी वाचेल तो.

सप्रेम नमस्कार,

मी इंदूरला परदेशीपुऱ्यात दवाखाना चालवते. साधी एमबीबीएस. आधी सासरे बसायचे, आता मी बसते, पेशंट तेच, फक्त आता त्यांची मुलं-नातवंडं पण येतात आणि तीन पिढ्यांचे कागद एकाच रबरबँडमध्ये असतात. मिल एरिया आहे, बरेच जण हिंदीत बोलतात, मराठी घरातले मराठीत, पण वाक्य सगळ्यांचं एकच, मॅडम शुगर जरा बॉर्डरवर आहे. बॉर्डरवर म्हणजे उपाशीपोटी २४०.

पत्राला निमित्त झालं एक चकचकीत पत्रक. गेल्या आठवड्यात औषध कंपनीचा एक एमआर टेबलावर ठेवून गेला. डायबिटीसमधली फेलोशिप, दोन वीकेंड, रिंग रोडवरचं हॉटेल, जेवण धरून फी, शेवटच्या दिवशी काळा गाऊन घालून फोटो. खाली लिहिलेलं की कोर्स झाला की डिग्रीच्या पुढे लावता येईल. पेशंट बघायला मिळणार का, कुठल्या वॉर्डात, कोणाच्या हाताखाली, परीक्षा कोण घेणार, यातलं काहीही नाही. मी ते उलटसुलट करून बघितलं, मागच्या बाजूला एका गोळीची जाहिरात होती.

एरवी मी असली पत्रकं रद्दीत टाकते. या वेळी नाही टाकलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर काका आले.

हे काका हुकुमचंद मिलमध्ये होते, १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा पस्तिशीचे. थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, इंदूरकरांना ही कहाणी वेगळी सांगायला नको. पैसे हातात आल्यावर काकांनी ठरवलं की आता शुगर मोठ्या डॉक्टरला दाखवायची, मी पण म्हटलं दाखवा, चांगलंच आहे. ते एका ठिकाणी जायला लागले, नाव लिहीत नाही, बाहेर बोर्डावर डायबिटॉलॉजिस्ट आणि खाली फेलोशिपांची रांग. आठ-नऊ महिने गेले. दर खेपेला एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, दर खेपेला एखादी गोळी वाढलेली. मग अनंत चतुर्दशी आली. मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या रात्री, काका अजूनही जातातच, नवे बूट घालून राजवाड्यापर्यंत चालले आणि चार दिवसांनी सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली की मॅडम, बाबांच्या मोज्याला वास येतोय.

मोजा काढला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कड काळी पडलेली, आणि काका म्हणतात दुखत तर काहीच नाही. मी नायलॉनचा तो १० ग्रॅमचा धागा काढला, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, तळव्यावर टेकवून थोडा वाकेपर्यंत दाबायचा आणि पेशंटने डोळे मिटून लागला की "हो" म्हणायचं, बस, एवढीच टेस्ट, दोन मिनिटं पण लागत नाहीत. जखम सोडून बाकी बोटांवर लावला, करंगळीखाली लावला, दुसऱ्या पायाला लावला. काका डोळे मिटून बसलेले. मग म्हणाले, "करा ना सुरू."

सुनेला विचारलं, तिथे कधी पाय बघितला होता का. म्हणाली मोजे काढायलाच कधी नाही लावले. शेवटी अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

त्या डॉक्टरला मी शिव्या घालणार नाहीये, माणूस हुशार असेल, कष्टाळू पण असेल. त्याला कोणीतरी कागद दिला की तू आता यातला तयार माणूस आहेस, आणि तो देताना पेशंटचा पाय हातात घ्यायला लावला नाही. म्हणून हे पत्र त्याला नाही, कागद देणाऱ्यांना आणि ते चालू देणाऱ्यांना आहे.

आता एकेक करून सांगते.

पहिलं बोर्डाचं. खरा एंडोक्रायनॉलॉजिस्ट व्हायला काय लागतं हे लोकांना माहीतच नाही. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा बालरोगात एमडी ३ वर्षं, मग नीट एसएस नावाची परीक्षा देऊन डीएम ही वरची डिग्री आणखी ३ वर्षं, म्हणजे कुठेही न अडकता सलग गेलं तरी साडेअकरा वर्षं, आणि सलग कोण जातं. त्यांच्यापुढे माझा हात जोडलेला आहे. त्याच्या खाली विद्यापीठांच्या फेलोशिपा असतात, महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत, नावाला निदान विद्यापीठ जबाबदार असतं. फॅमिली डॉक्टरांसाठी प्रामाणिक कोर्स पण आहेत, पब्लिक हेल्थ फाउंडेशन आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेचा २०१० पासून चालू आहे, वर्षभराचा, महिन्यातनं एकदा क्लास, आणि ते त्याला सरळ सर्टिफिकेट कोर्स म्हणतात, स्पेशालिस्ट करून देतो असा दावा नाही. आणि सगळ्यात खाली हे दोन वीकेंडवाले. बोर्डावर मात्र चौघं एकाच साइजच्या अक्षरात. आमच्या पेशंटने काय बघून ओळखायचं?

नियम नाही असंही नाही. २००२ च्या मेडिकल काउन्सिलच्या आचारसंहितेत कलम ७.२० आहे, त्या शाखेतली खास पात्रता असल्याशिवाय डॉक्टरने स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. काउन्सिल जाऊन २०२० ला नॅशनल मेडिकल कमिशन आलं, कलम पुस्तकातच आहे. तो दोन वीकेंडचा फेलो उद्या बोर्ड रंगवेल तेव्हा त्याला विचारायला कोणी येणार आहे का?

दुसरं, आम्हाला शिकायला जागा कुठे आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभराच्या पाहणीचे आकडे २०२३ ला आले, १०.१ कोटी लोकांना डायबिटीस, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर, शहरांत मोठ्या माणसांमध्ये १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९. डीएम झालेले लोक एवढ्या पेशंटना पुरणं शक्यच नाही, उद्या सीटा दुप्पट केल्या तरी नाही. म्हणजे शुगर कोण बघणार, तर मी आणि माझ्यासारखे, गल्लीतले, तालुक्याचे, सरकारी प्राथमिक केंद्रातले. हे सगळ्यांना मान्य आहे, प्रत्येक भाषणात असतं. मग आमचं शिक्षण कुठंय? मी पंचेचाळीस ओलांडलेली बाई, दवाखाना आहे, घरी सासूबाई आहेत ज्यांना स्वतःलाच इन्सुलिन आहे, मुलगी बारावीला. मी वर्षभर मुंबईला किंवा चेन्नईला जाऊन राहू शकत नाही. माझ्यासारख्यांपुढे दोनच रस्ते ठेवलेत, सगळं सोडून जा नाहीतर हॉटेलात जाऊन गाऊन घाला.

आणि गंमत बघा, शिकायचं सामान इथेच पडलंय. एमजीएम मेडिकल कॉलेज, ज्याची मुळं १८७८ च्या मेडिकल स्कूलपर्यंत जातात, एमवाय हॉस्पिटल, शेजारी सुपर स्पेशालिटीची बिल्डिंग. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन, सगळीकडचे पेशंट रात्रीच्या बसने येऊन सकाळी ओपीडीच्या लायनीत असतात. आठवड्यातनं दोन सकाळी मला तिथल्या सिनियरच्या बाजूला स्टूलवर बसू द्या. मला खुर्ची पण नको.

तिसरं, शिकवता काय. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण खरं दुखणं इथे आहे. पत्रकावरचे विषय वाचले तर सगळं नव्या गोळ्यांचं. नव्या गोळ्या शिकायला हव्यातच, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि जी गोळी श्रीमंतांची होती ती आता प्रत्येक मेडिकलमध्ये स्वस्तात आहे, चांगली गोळी आहे, हृदयाला किडनीला फायदा आहे. पण त्या गोळीवर असलेल्या माणसाने नवरात्रात कडक उपास धरले, पाणी पण कमी प्यायला, तर शुगर फार न वाढता कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठणं, होऊ शकतो. मीटरवर १८० दिसतंय म्हणून कोणाला शंकाही येत नाही आणि माणूस उलट्या करत धापा टाकतोय. ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी ती बंद करायची असते, हे किती जणांना माहीत आहे? उपास हा विषयच कुठल्या स्लाइडवर नसतो. आमच्याकडे एकादशी, संकष्टी, चातुर्मास, रोजे, सगळं चालू असतं, आणि उपास म्हणजे काय तर सराफा बाजारातली साबुदाण्याची खिचडी, वरून फराळी मिक्स्चर भुरभुरलेलं, त्याने शुगर कुठे जाते ते मी रोज बघते. (खिचडी उत्तम असते, तो वाद नाही.) कोणत्या उपासाला कुठला डोस कमी करायचा, कोणाला हात जोडून उपास करू नका सांगायचं, हे डॉक्टरला शिकवायलाच हवं ना.

इन्सुलिनची सिरिंज घ्या. आपल्याकडे शीशीतलं साधं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटवालं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटवालं, १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. धारकडच्या एका टाइप १ च्या, म्हणजे इन्सुलिनवरच जगणाऱ्या, मुलीचं असं झालं की मामाने मेडिकलमधून नारिंगी टोपीच्या आणून ठेवल्या, शीशी ४० ची. आई बिचारी २० च्या रेषेपर्यंत नेमाने भरायची, मुलीच्या अंगात जात होते ८ युनिट. शुगर उतरेना, तिथल्या डॉक्टरांनी आईलाच झापलं की लपून गोड देत असशील. लग्नाला इकडे आलेली असताना माझ्याकडे आणली तिला, मी म्हटलं इंजेक्शन कसं देता ते माझ्यासमोर करून दाखवा, पिशवीतनं सिरिंज निघाली आणि विषय संपला. आणि हे उलटं झालं असतं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस गेला असता आणि पोर सकाळी उठलीच नसती कदाचित. सिरिंज बघा, पोटावर जिथे रोज टोचतात तिथे बोटांनी दाबून गाठी बघा, घरी फ्रिज नसेल तर मेच्या उन्हात इन्सुलिन माठात कसं ठेवायचं ते सांगा. यातलं काहीच प्रोजेक्टरवर शिकता येत नाही, पेशंट समोर लागतो आणि तुमच्या मागे उभा राहून टोकणारा कोणीतरी लागतो.

मग आमच्या भागाचं. झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, याच राज्यात शहडोलहून १ जुलै २०२३ ला सिकल सेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सिकल सेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी खोटं कमी येऊ शकतं. आणि लोहाची कमतरता असलेल्या बाईचं तेच खोटं जास्त येऊ शकतं. सिकल सेलवाल्याचा रिपोर्ट ६.२, सगळे खूश, आणि शुगर २५०. दुसरीकडे कुठेतरी बनवलेल्या स्लाइड इथे आणून दाखवल्या तर त्यात हे नसणारच, मी त्यांना दोष पण देत नाही, इथला सिलॅबस इथेच बसून करावा लागेल.

शिवाय एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे फक्त शुगर नाही. आमच्या एरियात गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात, आयुर्वेदिक म्हणून, त्यातल्या बऱ्याच पुड्यांत स्टिरॉइड असणार असा आम्हा सगळ्यांना संशय असतो. आजीचं तोंड सुजतं, शुगर वाढते, मग कोणीतरी शहाणा सांगतो पुडी बंद करा, एका दिवसात बंद, आणि आजी बीपी पडून इमर्जन्सीत, कारण शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी एवढे दिवस झोपवलेली होती. नवजात बाळाचं थायरॉइड, वेळेत गोळी सुरू झाली तर मेंदू वाचतो, नाही तर जन्मभराचं. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आहे का बघणं, सरकारचीच गाइडलाइन आहे. असो, यादी लांबेल.

चौथं पैशाचं, एकाच ओळीत, ज्या कंपनीची गोळी लिहायची तिच्याच पैशाने शिकायचं हे बरोबर नाही आणि हे मी सांगायची गरज पडू नये.

मागण्या.

फेलोशिप हे नाव किमान एक वर्षाच्या, ओपीडी-वॉर्डात बसवून शिकवणाऱ्या, लॉगबुक असलेल्या आणि बाहेरचा परीक्षक येऊन पेशंटवर परीक्षा घेणाऱ्या कोर्सलाच वापरू द्या. बाकीच्यांनी खुशाल कोर्स चालवावेत, नाव कार्यशाळा ठेवावं. माझा कार्यशाळांना विरोध नाही, मी स्वतः जाते.

जबलपूरला आपली मेडिकल युनिव्हर्सिटी आहे २०११ पासूनची. तिने इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर या ठिकाणी नोकरी-दवाखाना करणाऱ्या डॉक्टरांसाठी आठवड्यातनं दोन दिवसांची, दीड-दोन वर्षं चालणारी फेलोशिप काढावी. फी परवडेल अशी. सरकारी प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना ड्यूटी धरून पाठवा, त्यांची सुट्टी कापू नका. एमडी-एमएसच्या मुलांना ३ महिने जिल्हा हॉस्पिटलमध्ये काढावे लागतातच, तसं या फेलोंना पण महिनाभर झाबुआ-बडवानीला पाठवा, एसी हॉलपेक्षा तिथे जास्त शिकतील.

सिलॅबसमध्ये पाय, टाइप १ ची मुलं, गरोदरपण, उपास, सिकल सेल आणि स्टिरॉइड हे सहा विषय हातांनी करून दाखवायचे म्हणून ठेवा, वाचून पाठ करायचे म्हणून नको. किती पाय तपासले, किती जणांना इंजेक्शन द्यायला शिकवलं, हे लॉगबुकात सहीसकट.

कुठला कोर्स मान्य, कुठला नाही, आणि कोणाला बोर्डावर काय लिहिता येतं याची यादी हिंदीत, साध्या भाषेत, राज्याच्या मेडिकल काउन्सिलच्या साइटवर आणि प्रत्येक सरकारी हॉस्पिटलच्या भिंतीवर लावा. ७.२० ची तक्रार कुठे करायची तो पत्ता पण त्याच कागदावर.

आणि नर्सेसना, डाएटिशियनना वेगळी सीट द्या. डॉक्टरला पेशंटमागे सहा मिनिटं मिळतात, सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची आहे हे बघायला कोणीतरी लागतंच.

हॉटेलवाल्या संस्थांना एक वेगळी विनंती. तुमच्या पुढच्या बॅचला शेवटच्या दिवशी फोटोच्या आधी एक तास राखून ठेवा, दहा पेशंट बोलवा, आणि प्रत्येक डॉक्टरला एकेका पेशंटचे पाय तपासायला लावा. पेशंट मी पाठवते, परदेशीपुऱ्यातून, रिक्षाभाडं मी देईन. धागा पण मी आणीन.

हे पत्र मी विभागाला आणि विद्यापीठाला रजिस्टर्ड पोस्टाने पण पाठवतेय. बरोबर इथल्या काही एमबीबीएस डॉक्टरांच्या सह्या आहेत, सगळ्यांनी लिहून दिलंय की अशी फेलोशिप निघाली तर पहिल्या बॅचला फॉर्म भरू. आणखी कोणाला सही करायची असेल तर दवाखान्यात या, संध्याकाळी ६ नंतर, रविवार सोडून. उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या, म्हणजे मला दवाखान्यात लावता येईल, पेशंट विचारतात.

आपली,
परदेशीपुऱ्यातली एक फॅमिली डॉक्टर
इंदूर